घर विकताना सोलर-गिझरचे कागद सापडत नसतील तर

बेळगावातल्या वडगावचं आमचं घर विकायचं ठरलं तेव्हा सासऱ्यांची ट्रंक उघडली. खरेदीखत, सिटी सर्व्हेचा उतारा, घरपट्टीच्या पावत्या, सगळं लाल फडक्यात बांधून ठेवलेलं. घर घेणारी मंडळी खानापूरकडची. त्यांच्यातल्या थोरल्या भावानं कागद चाळले, गच्चीवर जाऊन आला आणि विचारलं, "आक्का, सोलर कुठल्या सालचं म्हणायचं? बिल हाय काय? आणि बाथरूममधला गॅस गिझर कुणी बसवलाय?"

बिल नव्हतं. सोलर २०११ चं, दोनशे लिटरचं. ज्या दुकानातून घेतलं ते दुकान बंद होऊन गेलेलं. गॅस गिझर पावसाळ्यासाठी म्हणून नंतर बसवलेला. जून ते सप्टेंबर बेळगावात ऊन पडतंय कुठं, सोलरचं पाणी कोमटच. तो बसवणारा प्लंबर गोव्याला निघून गेला आणि त्याचा नंबरही लागेना. यांच्या एका मित्रानं सांगितलं, कोऱ्या लेटरहेडवर जुन्या तारखेचं बिल करून घ्या, कोण बघतंय. मी तिथंच नको म्हटलं. पुढचे पंधरा दिवस आम्ही जे केलं ते इथं लिहिते आहे, कारण आमच्या गल्लीतली तीन घरं अजून विकायची आहेत आणि तिघांचीही हीच अडचण आहे.

आधी जीव थोडा खाली पडू दे. सबरजिस्ट्रार ऑफिसात सोलरचं किंवा गिझरचं बिल कुणी मागत नाही. तिथं अडतं ते ई-खात्यावर (मालमत्तेची महापालिकेतली ऑनलाइन नोंद), ईसीवर (घरावर काही बोजा आहे का ते सांगणारा दाखला), थकलेल्या घरपट्टीवर. ग्रामपंचायतीच्या हद्दीतलं घर असेल तर ई-स्वत्तूच्या, म्हणजे पंचायतीच्या ऑनलाइन मालमत्ता नोंदीच्या, नमुना ९ आणि ११ वर. ते कागद आधी लावून घ्या. सोलर-गिझरचा कागद हा तुमच्यात आणि घेणाऱ्यात असतो, दोन गोष्टींसाठी: वस्तू किती जुनी आहे आणि ती धोक्याची नाही ना.

माझा भाचा इंग्लंडमध्ये असतो. त्यानं तिथलं घर विकलं तेव्हा बॉयलर बसवल्याचं प्रमाणपत्र सापडेना. तिथं गॅसचं काम करणाऱ्याला गॅस सेफ रजिस्टरवर नाव असावं लागतं, आणि बॉयलर बसवला की त्याची नोंद होते. हे रजिस्टर एप्रिल २००९ पासूनचं. त्यानं तिथून दुसरी प्रत मागवली आणि वकिलाला दिली. आपल्या गल्लीतल्या प्लंबरनं गिझर बसवला तर त्याची नोंद कुठल्याच दप्तरात होत नाही. म्हणून आपल्याला दुसरी वाट धरावी लागते: कागद नाही, तर वस्तूपाशी जायचं.

सोलरपासून सुरुवात करा. टाकीच्या एका टोकाला किंवा खालच्या अंगाला पत्र्याची छोटी पट्टी असते. तिच्यावर कंपनीचं नाव, लिटर आणि अनुक्रमांक ठोकलेला असतो. आमची पट्टी उन्हानं पांढरी पडली होती, फोटोत काही दिसेना. मग मी शाळेत मुलांना नाण्याचा छाप काढायला शिकवायची तसं केलं. पातळ कागद पट्टीवर धरून शिसपेन्सिल आडवी घासली आणि आकडे उमटले. तो नंबर कंपनीच्या ग्राहक सेवेला कळवला. चार दिवसांनी त्यांचा ईमेल आला, टाकी कधीची आणि वॉरंटी केव्हा संपली एवढाच. तो छापून घेतला. मूळ बिलाच्या जागी आता तो कागद आहे, आणि खरा आहे.

तुमचं दुकान अजून चालू असेल तर आधी तिकडं जा. जीएसटी १ जुलै २०१७ ला लागू झाला. त्यानंतरची खरेदी असेल तर दुकानदाराला वह्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात. म्हणजे पाच-सहा वर्षांतली खरेदी असेल तर दुसरी प्रत निघू शकते. महिना आणि नाव सांगितलं की शोधणं सोपं जातं. जुनं पासबुक काढा, चेक गेलेली तारीख मिळते. सोलर कर्जावर घेतलं असेल तर बँकेच्या कर्जाच्या फायलीत कोटेशन आणि बिलाची झेरॉक्स असते. तुमचं खातं सिंडिकेट बँकेत होतं म्हणून सोडून देऊ नका. ती बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरा बँकेत गेली, चौकशी तिथं करायची.

आणखी एक पुरावा घरातच असतो आणि कुणाच्या ध्यानात येत नाही. हेस्कॉमची, म्हणजे आपल्या वीज कंपनीची, जुनी बिलं. घरी सोलर असल्याची नोंद केलेल्या ग्राहकाला युनिटमागे ५० पैसे, महिन्याला जास्तीत जास्त ५० रुपये सूट मिळायची. बिलावर ती ओळ असेल तर त्या महिन्यात सोलर होतं हे हेस्कॉमचाच कागद सांगतो. आमच्या २०१२ च्या बिलावर ती ओळ सापडली तेव्हा मला फार बरं वाटलं. बिल कन्नडमध्ये असतं. वाचता येत नसेल तर शेजारच्या कॉलेजातल्या पोराला दाखवा, दोन मिनिटांचं काम.

आता गॅस गिझर. इथं मी जरा थांबणार आहे.

माझ्या मामेबहिणीची मुलगी बारावीत असताना गॅस गिझर चालू ठेवून, दार लावून अंघोळीला गेली. थंडीचे दिवस, खिडकीला प्लास्टिक लावलेलं. वीस मिनिटं झाली तरी आवाज येईना. दार मोडून बाहेर काढली. वाचली, खरं तो दिवस आमच्यापैकी कुणी विसरलेलं नाही.

हिशोब मांडून बघा. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं तर दहा किलोवॉटहून जास्त उष्णता लागते. विजेचा गिझर असतो दोन-तीन किलोवॉटचा. म्हणजे गॅस गिझरमधली ज्योत त्याच्या तिप्पट-चौपट मोठी. दहा मिनिटांत ती साधारण दीडशे ग्रॅम गॅस जाळते, आणि एक किलो गॅस नीट जळायला बाराएक घनमीटर हवा लागते. आमचं बाथरूम चार बाय सहा फुटांचं, आठ फूट उंच. त्यात हवाच साडेपाच घनमीटर नाही. एका अंघोळीत तिच्यातल्या एक तृतीयांश हवेचा प्राणवायू ज्योत खाऊन टाकते. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, याला वास नसतो. रक्तात तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट घट्ट धरून बसतो. डोकं दुखतं, मळमळतं, मग पायातलं बळ जातं आणि कडीपर्यंत हात पोचत नाही.

म्हणून बाथरूमच्या आत बसवलेल्या गॅस गिझरचा कागद शोधत बसू नका. बिल सापडलं, वॉरंटी सापडली, तरी तो आत असणंच चूक आहे. आम्ही तो काढला. गॅसची नळी काढून तोंड बंद केलं, पाण्याच्या जोडाला टोपण लावलं, भिंतीची भोकं बुजवली. गिझर बाहेर उघड्यावर असेल आणि घेणाऱ्याला तो हवाच असेल, तर आयएस १५५५८ (गॅस गिझरचं भारतीय मानक) आणि आयएसआयची खूण आहे का बघा. ज्योत निळी हवी, पिवळी नको. वर काजळी धरलेली नको. रबरी नळीवर छापलेलं साल बघा, पाच वर्षं झाली की ती बदलायची. हे सगळं गॅस एजन्सीच्या मेकॅनिककडून बघून घ्या आणि त्याची पावती जपा. वास आला तर १९०६ ला फोन, तोही घराबाहेर येऊन.

सिलिंडरचं कनेक्शन घराबरोबर विकलं जात नाही, यात बरेच जण फसतात. ते माणसाच्या नावावर असतं. सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत परत करून टर्मिनेशन व्हाउचर (कनेक्शन बंद केल्याचा कागद) घ्या, नव्या जागी तेच दाखवायचं. गावातल्या गावात राहणार असाल तर पत्ता बदलून घ्या. मूळ सबस्क्रिप्शन व्हाउचर (कनेक्शन घेतल्याचा कागद) हरवलं असेल तर एजन्सी प्रतिज्ञापत्र लिहून घेते. "राहू दे, तुम्हीच वापरा" म्हणून सिलिंडर सोडून जाऊ नका. उद्या काही झालं तर नाव तुमचं.

विजेच्या गिझरचं सोपं आहे. लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरला बोलवा. ओळखीचा वायरमन कामाला उत्तम असेल, पण त्याच्या सहीला कागदावर वजन नाही. त्याच्याकडून चार गोष्टी बघून घ्या: अर्थिंग, मेगरनं (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) वायरिंगची तपासणी, ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे की नाही, आणि तीन किलोवॉटच्या गिझरला १६ ॲम्पियरचा स्वतंत्र पॉइंट. मग त्याच्या लेटरहेडवर, लायसन्स नंबरासह, आजच्या तारखेनं लिहून घ्या. आजच्याच तारखेनं. आमच्याकडं आरसीसीबी नव्हता, तो लगेच बसवला. सोलरच्या दोन ट्यूबा तडकलेल्या निघाल्या, त्याही बदलल्या आणि त्या कामाची पक्की बिलं घेतली. जुन्या घराला तेवढे दोनच नवे कागद, पण घेणाऱ्यांनी ते सगळ्यांत आधी वाचले.

जुन्या तारखेचं बिल का नको, हे माझ्या यांनाही नीट सांगावं लागलं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ म्हणतं, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या नजरेनं न दिसणारा महत्त्वाचा दोष विकणाऱ्यानं सांगितला पाहिजे. त्याच कायद्याचं कलम ८ म्हणतं, घर विकलं की कुलपं, किल्ल्या, दारं, खिडक्या आणि घराबरोबर कायम वापरासाठी असलेल्या वस्तूही जातात, वेगळं ठरवलं नसेल तर. म्हणजे गच्चीवरचं सोलर बोललं नाही तरी घराबरोबर जाण्याचाच संभव जास्त. न्यायचं असेल तर आधी लिहा. आणि खोटं बिल दिलं, तर साधी हरवलेली पावती फसवणूक होऊन बसते. कागद हरवणं हा गुन्हा नाही.

संचकारपत्र, म्हणजे विसारपत्र, करतानाच हे लिहून टाकायचं, खरेदीच्या दिवशी नाही. आम्ही घातलेला मजकूर असा होता, तुमच्या घराप्रमाणे बदलून घ्या:

"घरासोबत २०० लिटरचा सोलर वॉटर हीटर दिला आहे, टाकीवरील क्रमांक अमुक. तो सन २०११ मध्ये बसवला आहे. मूळ बिल व वॉरंटी कार्ड विकणाऱ्याकडे नाही. वॉरंटीची मुदत संपली आहे. अमुक तारखेच्या तपासणीचा अहवाल व दुरुस्तीची बिले सोबत जोडली आहेत. घेणाऱ्याने तो चालू असताना स्वतः पाहिला आहे. बाथरूममधील गॅस गिझर विकणाऱ्याने काढून घेतला असून तो या व्यवहारात नाही."

आपल्याकडं दस्त बहुधा कन्नडमध्ये होतो. हा मजकूर कन्नडमध्ये गेला की कन्नड चांगलं येणाऱ्या आपल्या माणसाकडून ओळ न ओळ वाचून अर्थ लावून घ्या. आमच्या मसुद्यात "वॉरंटी संपली आहे" हे वाक्यच राहून गेलं होतं, माझ्या वहिनीच्या लक्षात आलं. ती धारवाडची. तिच्यामुळं निभावलं.

किमतीत यामुळं किती उतरायचं, असं सगळे विचारतात. माझं मत, चौदा वर्षांच्या सोलरची वेगळी किंमत धरूच नका. चालू आहे, तपासलं आहे, एवढं सांगा. आम्ही गॅस गिझर काढला म्हणून एक विजेचा गिझर नवा बसवून दिला, बिल त्यांच्या नावानं घेतलं. त्यावर त्यांनी पुढं काही मागितलं नाही.

मीटर सासऱ्यांच्या नावावरच होता. घर आमच्या नावावर होऊन कैक वर्षं झाली तरी बदललेला नव्हता. आरआर नंबर, म्हणजे वीजजोडणीचा क्रमांक, बिलावर असतो, तो टिपून ठेवा. खरेदी झाल्यावर घेणाऱ्यानं खरेदीखत, खाते उतारा आणि शेवटचं भरलेलं बिल घेऊन हेस्कॉमच्या शाखेत नाव बदलायचा अर्ज द्यायचा. मीटरसाठी भरलेल्या ठेवीची जुनी पावती नसेल तर हमीपत्र लागतं, ते आपण सही करून आधीच देऊन ठेवावं. गृहज्योतीला (मोफत विजेची सरकारी योजना) तुमचं आधार त्या आरआर नंबरला जोडलेलं असेल तर सेवासिंधू या सरकारी वेबसाइटवर जाऊन सोडवा. नाही तर नव्या घरी तुमची सूट अडते आणि त्यांची जुन्या घरी.

किल्ल्या द्यायच्या दिवशी आम्ही सकाळी सातला तिथं गेलो. मीटरच्या आकड्याचा फोटो काढला, त्यांच्या आणि आमच्या दोघांच्या फोनवर ठेवला. सोलरचा नळ त्यांच्या आईच्या हातानं सोडला. पाणी कढत आलं. पेन्सिलनं काढलेला तो छाप, कंपनीचा ईमेल, कॉन्ट्रॅक्टरचं पत्र, ट्यूबांचं बिल आणि नव्या गिझरचं वॉरंटी कार्ड एका प्लास्टिकच्या पाकिटात घातलं, आणि ते पाकीट मीटरच्या पेटीशेजारी खिळ्याला अडकवून दिलं.