इंग्लंडच्या उपनगरात घर घेताय? एक्स्चेंजच्या आधी होणाऱ्या या चुका टाळा

हॅरो आणि पिनरसारखी लंडनच्या वायव्येची उपनगरे मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या कडेने १९२० आणि १९३० च्या दशकांत वाढली. त्या काळातली तशीच घरे इंग्लंडमधल्या बहुतेक शहरांभोवती दिसतात. दोन घरांत एक सामाईक भिंत, पुढे बे विंडो (भिंतीबाहेर आलेली मोठी खिडकी), मागे लांबट बाग, बाजूला गॅरेज. रस्ता इतका शांत की दुपारी फक्त गवत कापायच्या मशीनचा आवाज यावा. असा रस्ता पाहिला की माणूस गाफील होतो. इथे कसली भानगड असणार, असे वाटते. भानगडी असतात, पण त्या कागदात, छपरावर आणि जमिनीखाली.

ऑफर मान्य झाली म्हणजे व्यवहार ठरला, असे समजणे

आपल्याकडे टोकन, मग साठेखत, मग खरेदीखत अशी चाल असते. इंग्लंडमध्ये ऑफर मान्य झाल्यावर टोकनही द्यावे लागत नाही आणि दोन्ही बाजूंवर काही बंधनही येत नाही. व्यवहार ‘सब्जेक्ट टू कॉन्ट्रॅक्ट’, म्हणजे करार होईपर्यंत कच्चा राहतो. विकणारा मधेच दुसऱ्याची जास्त रकमेची ऑफर घेऊ शकतो. त्याला गझम्पिंग म्हणतात आणि ते बेकायदा नाही. तुम्हीही दंड न भरता बाहेर पडू शकता, फक्त सॉलिसिटर (खरेदीचे काम पाहणारा वकील) आणि सर्वे (घराची तज्ज्ञाकडून तपासणी) यांचे पैसे जातात.

बंधन येते ते एक्स्चेंजला, म्हणजे दोन्ही बाजूंनी सही केलेल्या करारांची अदलाबदल होते तेव्हा. तेव्हा सहसा किमतीच्या १० टक्के रक्कम भरतात. नंतर मागे फिरलात तर ती गमावता. म्हणजे साठेखताच्या जवळ जाणारी पायरी ही, आणि तपासणीला मुदत मिळते ती ऑफर ते एक्स्चेंज एवढीच. बरेच जण ती सोफा आणि पडदे निवडण्यात घालवतात. खालची सगळी कामे त्याच मुदतीत उरकायची आहेत. घराचा विमाही एक्स्चेंजच्या दिवसापासून चालू हवा, चावी मिळेल त्या दिवसापासून नव्हे. कारण मधल्या काळातली नुकसानीची जोखीम सर्वसाधारणपणे घेणाऱ्यावर येते.

पुण्यातला फ्लॅट हिशेबात न धरणे

मराठी कुटुंबांना सगळ्यांत महाग पडते ती ही चूक. १ एप्रिल २०२५ पासून स्टॅम्प ड्यूटी पहिल्या १,२५,००० पौंडांवर शून्य, तिथून २,५०,००० पर्यंत २ टक्के आणि पुढे ९,२५,००० पर्यंत ५ टक्के आहे. पहिल्यांदा घर घेणाऱ्याला ३,००,००० पर्यंत काही नाही आणि तिथून ५,००,००० पर्यंत ५ टक्के. किंमत ५,००,००० च्या वर गेली की ही सवलत पूर्ण जाते.

पण ‘पहिल्यांदा’ म्हणजे जगात कुठेही पहिल्यांदा. कोथरूडचा फ्लॅट, गावच्या घरातला वारसाहक्काचा हिस्सा, पूर्वी घेऊन विकलेले घर, काहीही असले तरी सवलत नाही. एकत्र घेणाऱ्यांपैकी एकाकडे असले तरी नाही. त्यातून ते घर अजून नावावर असेल आणि तुमच्या हिश्श्याची किंमत ४०,००० पौंड किंवा जास्त असेल, तर पूर्ण किमतीवर आणखी ५ टक्के अधिभार बसू शकतो. नवीन घर एकट्याच्या नावावर घेतले तरी पती-पत्नीपैकी दुसऱ्याचे घर अधिभारासाठी मोजले जाते. गेल्या तीन वर्षांत वारशाने आलेला निम्मा किंवा त्याहून कमी हिस्सा अधिभारात धरत नाहीत, पण पहिल्या घराची सवलत त्यानेही जाते.

४,५०,००० पौंडांच्या घरावर हा फरक असा पडतो: पहिल्यांदा घेणाऱ्याला ७,५०० पौंड, साध्या दराने १२,५०० आणि अधिभारासह ३५,०००. नुकतेच इंग्लंडात आला असाल आणि व्यवहार पूर्ण होण्याआधीच्या वर्षात १८३ दिवस ब्रिटनमध्ये राहिला नसाल, तर अनिवासी म्हणून आणखी २ टक्के. पुढे १८३ दिवस भरले की ते परत मागता येतात, पण आधी रोख भरावेच लागतात आणि कर्जात ते धरता येत नाहीत. तेव्हा सॉलिसिटरला पहिल्याच ईमेलमध्ये भारतातल्या सगळ्या मालमत्ता कळवा.

आईवडील पैसे पाठवणार असतील तर तयारी ऑफरच्या आधी करा. भारतात राहणाऱ्या माणसाला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. रक्कम मोठी असेल तर ती आई आणि वडील अशी विभागतात किंवा ३१ मार्चच्या अलीकडे-पलीकडे पाठवतात. सॉलिसिटर पैशाचा माग विचारतो: रक्कम भेट म्हणून दिल्याचे सहीचे पत्र, देणाऱ्याची बँक स्टेटमेंटे आणि जमीन विकली असेल तर खरेदीखत. मराठी खरेदीखत किंवा सातबाऱ्याचे इंग्रजी भाषांतर आयत्या वेळी मिळत नाही, आणि त्यावाचून एक्स्चेंज अडते.

बँकेच्या व्हॅल्युएशनला सर्वे समजणे

बँकेचा माणूस कर्ज बुडणार नाही ना, एवढेच पाहतो. कधी तर घरात येतही नाही. स्वतःचा सर्वे वेगळा करावा लागतो. साध्या, नव्या घराला लेव्हल २ (मध्यम खोलीचा सर्वे) चालतो. १९३० च्या आसपासचे किंवा वाढवलेले घर असेल तर लेव्हल ३ (सर्वांत सखोल सर्वे) घ्या.

या घरांचे दुखणे ठरलेले असते. जुन्या बे विंडोच्या लाकडी चौकटी वरचे वजन पेलत असत. त्या काढून प्लॅस्टिकच्या खिडक्या बसवताना आत आधाराचे खांब घातले नाहीत तर बे हळूहळू खाली बसतो. खालच्या खोलीतले धुराड्याचे बांधकाम जागा वाढवायला तोडलेले असते आणि वरचा भाग तसाच लटकत असतो. तो कशावर टेकला आहे, हे विचारा. मूळ कौलांच्या जागी जड काँक्रीटची कौले घातली असतील तर रस्त्यापलीकडून पाहा, छप्पर मधे झुकलेले दिसू शकते. बाहेरच्या भिंतीत ठरावीक अंतराने आडव्या भेगा असतील तर दोन थरांच्या भिंतीला जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या गंजून फुगल्या असण्याचा संशय घ्यावा.

लंडनची माती चिकण. उन्हाळ्यात मोठी झाडे तिच्यातले पाणी शोषतात आणि पाया खचतो. केसाएवढी भेग प्लास्टरची असते. पण वर रुंद आणि खाली निमुळती होत जाणारी, ५ मिलिमीटरच्या पुढची भेग दिसली तर स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा आणि खचण्याचा विमा दावा पूर्वी झाला होता का, ते लेखी विचारा. गॅरेजचे पन्हळी छप्पर १९९९ च्या आधीचे असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकते. न फुटलेले छप्पर तसेच राहू द्या. त्याला ड्रिल मारू नका.

मागच्या वाढीव खोलीचे कागद न मागणे

प्लॅनिंग परवानगी (बांधायची मुभा) आणि बिल्डिंग रेग्युलेशन्स (बांधकाम सुरक्षित असावे यासाठीचे नियम) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एका बाजूने शेजाऱ्याला जोडलेल्या घराच्या मागे ३ मीटर आणि सुट्या घराच्या मागे ४ मीटरपर्यंतची एकमजली वाढ बहुधा परवानगीशिवाय चालते. पण बांधकाम नियमांचे कम्प्लिशन सर्टिफिकेट तरीही लागते. माळ्यावरच्या खोलीला ते नसेल तर ती झोपायची खोली नाही, अडगळीची जागा आहे. एजंटने तिला चौथी बेडरूम म्हटले तरी तुम्ही चौथ्या बेडरूमचे पैसे देऊ नका.

कागद नाहीत असे कळले की लोक ताबडतोब कौन्सिलला (स्थानिक पालिकेला) फोन करतात. तो करू नका. अशा वेळी इन्डेम्निटी विमा घेतात, आणि कौन्सिलला एकदा विचारले की विमा कंपनी तो सहसा देत नाही. आधी सॉलिसिटरशी बोला. हा विमा कौन्सिलच्या कारवाईच्या खर्चापुरता असतो. तुळई कमकुवत असेल तर तो तुळई बदलून देत नाही.

गटाराचेही पाहा. १ ऑक्टोबर २०११ ला दोन किंवा अधिक घरांच्या बहुतेक सामाईक सांडपाणी वाहिन्या पाणी कंपन्यांकडे गेल्या. मागच्या बागेतून जाणाऱ्या अशा वाहिनीच्या ३ मीटरच्या आत बांधायचे तर कंपनीची बिल्ड-ओव्हर संमती लागते. स्वयंपाकघराच्या फरशीत लोखंडी झाकण दिसले तर खोली वाहिनीवर बांधलेली असू शकते, तेव्हा ती संमती मागा.

हद्द आणि पार्किंग डोळ्यांनी ठरवणे

डावीकडचे कुंपण आपले, असा नियम इंग्लंडात नाही. लँड रजिस्ट्रीच्या नकाशावरची लाल रेघ साधारण हद्द दाखवते, इंचाइंचाची नाही. जुन्या दस्तात इंग्रजी ‘टी’ची खूण असली तर ती ज्या बाजूला, त्या मालकाचे कुंपण. पुढच्या अंगणात गाडी उभी दिसली म्हणून पार्किंग आहे असेही नाही. फुटपाथची कड उतरती केलेली नसेल तर गाडी वर चढवायचा हक्क नाही, आणि उतरती करायला कौन्सिल नकारही देऊ शकते. ५ चौरस मीटरहून जास्त अंगण पाणी न मुरणाऱ्या फरशीने झाकले आणि पाणी रस्त्यावर सोडले, तर २००८ पासून परवानगी लागते.

राहायला गेल्यावर

पहिल्या हिवाळ्यात भिंती काळ्या पडल्या की लोक छपराला दोष देतात. बहुतेक वेळा कारण घरातच असते: रेडिएटरवर वाळणारे कपडे, झाकण न ठेवता शिजणारी आमटी, थंडी येते म्हणून बुजवलेल्या खिडकीवरच्या फटी. त्या उघड्या ठेवा आणि स्वयंपाकघराचा पंखा बाहेर हवा फेकतो की फक्त आतच फिरवतो, ते पाहा.

सामाईक भिंतीत तुळई घालायची असेल तर १९९६ च्या पार्टी वॉल कायद्याने शेजाऱ्याला दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते. १४ दिवसांत उत्तर आले नाही तर ती संमती नसते. तो वाद मानला जातो, सर्वेअर नेमावा लागतो आणि सर्वसाधारणपणे दोन्ही बाजूंचे पैसे तुम्ही भरता. नोटिशीआधी चहाला बोलावले तर हा खर्च पुष्कळदा वाचतो.

फटाके रात्री ११ नंतर उडवायला बंदी आहे. वर्षातल्या चार रात्री अपवाद आहेत आणि दिवाळी त्यांत येते. तेव्हा मुदत रात्री १ पर्यंत. ही सूट त्या एका रात्रीपुरतीच आहे. भाऊबीज शनिवारी आली म्हणून ती पुढे सरकत नाही, आणि शेजारी कुत्रा असेल तर दोन दिवस आधी त्यांच्या दारात चिठ्ठी टाकलेली बरी.