सीटीएस पडले तरी पोर्ट थांबत नाही: सिरियल ड्रायव्हरमधील हार्डवेअर फ्लो कंट्रोलची दुरुस्ती

बेळगावच्या उद्यमबागेतील एका मशीन शॉपमध्ये लिनक्सवर चालणाऱ्या छोट्या बोर्डावरून जुन्या सीएनसी यंत्राला आरएस-२३२ केबलने प्रोग्राम पाठवला जात असे. छोटे प्रोग्राम बिनचूक पोचत. मोठ्यातील काही अक्षरे मात्र मध्येच गळत आणि यंत्र अलार्म देऊन उभे राही. खानापूरहून पहिल्या पाळीला येणारे ऑपरेटर बॉड रेट (पाठवण्याची गती) उतरवून वेळ निभावून नेत. हा उपाय फसवा आहे, कारण गती कमी केल्याने यंत्राचा बफर (आलेली अक्षरे साठवायची जागा) उशिरा भरतो, इतकेच. तो भरल्यावर पाठवणाऱ्याने थांबायचे असते, आणि ते थांबणेच इथे होत नव्हते.

ड्रायव्हर, म्हणजे पोर्ट चालवणारा कर्नलमधील (लिनक्सच्या गाभ्यातील) कार्यक्रम, उघडण्याआधी केबल तपासावी. नऊ पिनांच्या जोडणीत, संगणकाच्या बाजूने पाहता, ७ वर आरटीएस (‘मला पाठवा’ असे समोरच्याला सांगणारी तार), ८ वर सीटीएस (समोरच्याचा तोच इशारा घेणारी तार; ती पडली की पाठवणे थांबवायचे) आणि ५ वर ग्राउंड असते. एका टोकाचा आरटीएस दुसऱ्या टोकाच्या सीटीएसला मिळायला हवा. पुष्कळ केबलींच्या टोपणात ७ आणि ८ एकमेकांना जोडून टाकलेले आढळतात. अशा केबलीत पोर्ट स्वतःच्याच आरटीएसकडे पाहून ‘पाठवा’ असे समजतो.

मग केबल काढून चाचणी घ्यावी. एसटीटीवाय या आज्ञेने सीआरटीएससीटीएस (या तारांवरून थांबण्या-चालण्याची सेटिंग, म्हणजेच हार्डवेअर फ्लो कंट्रोल) चालू करून एखादी मोठी फाइल पाठवत ठेवावी आणि ९ व्होल्टच्या बॅटरीचे धन टोक पिन ८ ला, ऋण टोक पिन ५ ला लावावे: अक्षरे वाहतात. टोके उलटी केली की प्रवाह थांबला पाहिजे. (ही चाचणी खऱ्या आरएस-२३२ पोर्टवरच करावी; ३.३ व्होल्टच्या थेट पिनांवर बॅटरी लावल्यास चिप जळेल.) प्रवाह थांबला नाही तर दोष बहुधा ड्रायव्हरमध्ये आहे.

पहिली संशयित जागा म्हणजे गेट_एमसीटीआरएल, ड्रायव्हरमधील तारांची स्थिती सांगणारे फंक्शन. ज्या पोर्टला सीटीएसची तारच नाही, त्याच्या ड्रायव्हरने ती कायम चालू असल्याचे सांगावे, असा लिनक्सचा नियम आहे. तीन तारांच्या पोर्टचा ड्रायव्हर नकलून नवा लिहिताना ती ओळ तशीच राहून जाते. तिच्या जागी मोडेम स्टेटस रजिस्टरमधील (चिपमध्ये तारांची स्थिती नोंदवणाऱ्या जागेतील) खरा बिट वाचून परत करावा.

मात्र एवढ्याने भागत नाही. सीटीएस बदलल्याचे कळण्यासाठी मोडेम स्टेटस इंटरप्ट (तार बदलताच चिपने प्रोसेसरला दिलेली हाक) चालू असावा लागतो; १६५५० घराण्यातील चिपमध्ये इंटरप्ट एनेबल रजिस्टरचा ०x०८ हा बिट त्यासाठी आहे, आणि सीआरटीएससीटीएस मागितलेले असताना सेट_टर्मिओसने (पोर्टची सेटिंग लागू करणाऱ्या फंक्शनने) तो चढवायला हवा. इंटरप्ट आला की रजिस्टर एकदाच वाचून किंमत जपून ठेवावी, कारण वाचताक्षणी बदलाचे बिट पुसले जातात. नंतर पोर्टचे लॉक हातात असताना यूआर्ट_हँडल_सीटीएस_चेंज या फंक्शनला नवी स्थिती द्यावी. अक्षरे भरणाऱ्या भागानेही दर वेळी यूआर्ट_टीएक्स_स्टॉप्ड (पाठवणे थांबवले आहे का) विचारून मगच पुढे जावे. चिपला स्वयंचलित सीटीएस येत नसताना ड्रायव्हरने ऑटोसीटीएसचे निशाण लावले असेल, तर काम चिप करते असे समजून कर्नल थांबवण्याचे सोडून देतो. असे निशाण काढून टाकावे.

इतके करूनही थोडी अक्षरे गळाली तर फिफोकडे, म्हणजे चिपमधील छोट्या रांगेकडे, पाहावे. सॉफ्टवेअरने थांबवले तरी आधीच फिफोत गेलेली, १६५५० मध्ये सोळापर्यंत, अक्षरे बाहेर पडतातच. समोरच्या यंत्राकडे तेवढी राखीव जागा नसेल तर एका वेळी भरायची संख्या चार किंवा एकवर आणावी. ९६०० बॉडला सेकंदाला जेमतेम ९६० अक्षरे जातात, त्यामुळे वाढलेले इंटरप्ट प्रोसेसरला जड जात नाहीत.

यंत्राकडून प्रोग्राम परत घेताना बाजू उलटते. कर्नल आरटीएस पाडतो तो वरचा बफर भरत आल्यावर. फिफो वेळेत रिकामा झाला नाही तर त्याचा उपयोग नाही. १,१५,२०० बॉडला सोळा अक्षरे सुमारे १.४ मिलिसेकंदांत भरतात. /प्रॉक/टीटीवाय/ड्रायव्हर खालील फाइलमध्ये ओई (जागा नसल्याने गळालेल्यांचा) हा आकडा वाढत असेल तर हाच प्रकार समजावा. चिप १६७५० सारखी असेल तर मोडेम कंट्रोल रजिस्टरचा एएफई (स्वयंचलित फ्लो कंट्रोलचा) बिट, ०x२०, चढवून हे काम तिच्यावरच सोपवावे.

मी इथेच दोन दिवस घालवले. सेट_टर्मिओस एएफई चढवत होते, परंतु पोर्ट उघडताना त्यानंतर बोलावले जाणारे सेट_एमसीटीआरएल हे फंक्शन आरटीएस व डीटीआर (‘पोर्ट तयार आहे’ सांगणारी तार) लिहिताना सगळे रजिस्टर नव्याने भरून तो पुसून टाकत होते. रजिस्टरची प्रत ड्रायव्हरच्या रचनेत जपून फक्त हवे ते बिट बदलावेत. चालू पोर्टवर एसटीटीवाय दिल्यास ही चूक झाकली जाते, म्हणून दुरुस्तीनंतर पोर्ट बंद करून पुन्हा उघडावा आणि सेटिंगला हात न लावता बॅटरीची चाचणी पुन्हा घ्यावी.