उपग्रहाचा पाऊस तपासताना या चुका टाळा

पावसाळा संपला की प्रोजेक्टवाले विद्यार्थी माझ्याकडे येतात. उपग्रहांनी जगभरचा पाऊस मोजणाऱ्या जीपीएम मोहिमेचा ‘आयमर्ग’ डेटा आणि पर्जन्यमापकाच्या नोंदी जुळत नाहीत, म्हणून ‘सर, उपग्रहाचा डेटाच चुकीचा आहे.’ बहुतेक वेळा डेटा ठीक असतो, तारीख चुकलेली असते.

आपल्या हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, आणि नोंद पडते ती संपण्याच्या तारखेला. २६ जुलै २००५ ची मुंबई आठवा. सांताक्रूझचा तो ९४४ मिमी पाऊस म्हणजे २७ तारखेच्या सकाळी साडेआठपर्यंतचे २४ तास. आयमर्गची दैनिक फाइल मात्र यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर चालते, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच ते दुसऱ्या पहाटे साडेपाच. उपग्रहाची २६ ची फाइल मापकाच्या २७ च्या नोंदीशी लावायची असते, आणि तरीही तीन तासांचा फरक उरतोच.

एका विद्यार्थिनीने तीन पावसाळे अशी चुकीच्या तारखांची जोडी लावली. प्रबंधात निष्कर्षही लिहून झाला होता: सह्याद्रीत उपग्रह निरुपयोगी. मी म्हटलं, सगळा कोड बाजूला ठेव, मुसळधार पावसाचा एकच दिवस घे आणि अर्ध्या-अर्ध्या तासाचे आकडे हाताने लिही. संध्याकाळपर्यंत तिला चूक सापडली. अख्खं प्रकरण नव्याने लिहावं लागलं, सबमिशनला आठवडा राहिलेला असताना. तिचा तो चेहरा मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून मी तयार दैनिक फाइल वापरतच नाही. अर्ध्या तासाच्या ४८ फाइली घेतो, ०३ यूटीसी ते ०३ यूटीसी, म्हणजे आपले सकाळचे साडेआठ ते साडेआठ. वेळ जातो, जाऊ दे. त्यातले आकडे मिमी प्रतितास असतात. निम्मे न करता बेरीज केलीत तर पाऊस दुप्पट होतो.

दुसरी चूक इन्सॅट या आपल्या हवामान उपग्रहाच्या चित्रांची. पांढराशुभ्र ढग दिसला की ‘तिथे धो धो पाऊस’. इन्फ्रारेड चित्र ढगाच्या माथ्याचं तापमान दाखवतं, पाऊस नाही. जुलैत कोकणात आणि घाटमाथ्यावर बुटके, उबदार माथ्याचे ढगही जोरदार बरसतात आणि चित्रात नुसते करडे दिसतात; उंचावरचा विरळ, बर्फाळ ढग पांढरा दिसतो आणि थेंबही देत नाही. पाऊस मोजणाऱ्या उपग्रहांवरच्या मायक्रोवेव्ह संवेदकाचीही जमिनीवर भिस्त मुख्यतः ढगातल्या बर्फावर, म्हणून घाटात तोही कमी मोजतो. तिथे मापक आणि रडार पाहिल्याशिवाय बोलू नये, हे माझं ठाम मत आहे.

बाकीच्या थोडक्यात:

आयमर्गचा आकडा नकाशावरच्या अख्ख्या चौकटीची सरासरी असतो; ती एका मापकाशी ताडू नका. सांताक्रूझच्या त्या ९४४ मिमीच्या २४ तासांत कुलाब्याला १०० मिमीही नव्हता.

आयमर्गच्या ‘फायनल’ आवृत्तीत मापकांचे आकडे आधीच मिसळलेले असतात. त्याच मापकांवर तिची परीक्षा घेणं म्हणजे पडताळणी नव्हे.

फाइलमध्ये −९९९९.९ म्हणजे ‘नोंद नाही’. बेरजेआधी ते काढा.