आध्यात्मिक मार्गदर्शक शोधताय? आधी या चुका टाळा

रविवारची उपासना संपली की चर्चच्या आवारात कोणीतरी तरुण मुलगा किंवा मुलगी जवळ येते, सलाम करते आणि विचारते, "मावशी, पाच मिनिटं आहेत?" गेली बावीस वर्षं मी ही पाच मिनिटं देत आले आहे. बहुतेक जण नगर, राहुरी, श्रीरामपूरकडून शिकायला किंवा नोकरीला पुण्यात आलेले. गावी चर्चचे पाळकसाहेब घरी यायचे, आजी रात्री शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून घ्यायची. इथे वाकडला चौघांत एक फ्लॅट, हिंजवडीची शिफ्ट आणि जमलं तर रविवारची उपासना. त्यांना धरून चालायला कोणीतरी हवं असतं, आणि ते असायलाच हवं. बायबलमध्ये बालक शमुवेलाला याजक एली लागला, तरुण तीमथ्याला प्रेषित पौल लागला. खुद्द पौलाला यरुशलेमेत कोणी जवळ करत नव्हतं, तेव्हा बर्णबाने त्याला प्रेषितांकडे नेलं. "माझं आणि देवाचं थेट आहे, मला मध्ये कोणी नको" असं म्हणणाऱ्यांना मी बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक वाचायला सांगते.

पण मार्गदर्शक मागायला येणाऱ्यांच्या चुका इतक्या ठरलेल्या आहेत, की त्या आता लिहूनच काढते.

"प्रार्थना करा आणि देव काय म्हणतो ते मला सांगा"

ही सगळ्यांत मोठी चूक. ती विचारणाऱ्याची असते तशी उत्तर देणाऱ्याचीही असते. मी ती केली आहे.

साधारण पंधरा वर्षांपूर्वी नर्सिंग झालेली एक मुलगी माझ्याकडे नेमाने यायची. तिला स्थळ आलं. मुलगा विश्वासी घरातला, क्वायरमध्ये गाणारा, नोकरी पक्की. तरी तिचं मन कचरत होतं आणि कारण काही सांगता येत नव्हतं. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही प्रार्थना करा. तुम्ही सांगाल ते मी देवाचं उत्तर समजेन." मी त्याच क्षणी तिला थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही, कारण तो मान मला आवडला. दोन दिवस उपवास केला आणि सांगितलं, "हो म्हण."

लग्न झालं. दोन वर्षांत त्या घरात दारू आणि संशय याशिवाय काही उरलं नाही. ती माहेरी परतली त्या आठवड्यात माझ्या दारात आली. मला वाटलं रडेल, भांडेल. ती एवढंच म्हणाली, "आता देवाशी काय बोलू? त्याला मी विचारलंच नव्हतं. मी तुम्हाला विचारलं होतं."

त्या रात्री मी बायबलमधल्या 'पहिला शमुवेल' या पुस्तकाचा तिसरा अध्याय पुन्हा वाचला. लहानपणापासून संडे स्कूलमध्ये ऐकलेली गोष्ट, पण तोवर मी शमुवेलाकडेच पाहत आले होते. त्या रात्री एली दिसला. नजर अधू झालेला, स्वतःची मुलं आवरता न आलेला म्हातारा याजक. मुलगा तीनदा धावत येतो, "तुम्ही मला हाक मारलीत." तिसऱ्यांदा एलीला कळतं की हाक कोणाची आहे. तरी तो म्हणत नाही, "थांब, मी विचारून सांगतो." तो त्याला परत झोपायला धाडतो आणि एकच वाक्य हातात देतो: "बोल, तुझा दास ऐकत आहे." देव पुढे जे बोलला ते एलीच्याच घराण्याविरुद्ध होतं. सकाळी एलीने ते त्या पोराकडून काही न लपवता वदवून घेतलं आणि मान्य केलं. मार्गदर्शकाचं काम मला त्या अध्यायाने शिकवलं, आणि फार उशिरा शिकवलं.

पुढे माझ्या एका कॅथलिक मैत्रिणीने मला संत इग्नेशियस लोयोलांच्या तीस दिवसांच्या आध्यात्मिक साधनेबद्दल सांगितलं. सोळाव्या शतकात त्यांनी साधना देणाऱ्याला बजावून ठेवलं आहे, की तराजूच्या काट्यासारखं मधोमध राहा, कुठल्याच बाजूला झुकू नका, साधकाला व्रतस्थ जीवनाकडेसुद्धा ढकलू नका. निर्मात्याला त्याच्या माणसाशी थेट व्यवहार करू द्या. मी प्रोटेस्टंट घरातली, पण हे वाक्य मी माझ्या बायबलच्या आतल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

आता कोणी लग्न, नोकरी, परदेश असा प्रश्न घेऊन आलं, तर मी वही घ्यायला सांगते. तीन आठवडे रोज बायबलमधलं एक स्तोत्र वाचायचं आणि खाली दोन ओळी लिहायच्या: आज मन कुठे ओढलं, आणि भीती कशाची वाटली. तीन आठवड्यांनी आपण ती वही एकत्र वाचू. दहातले सहा-सात जण परत येत नाहीत. त्यांना शनिवारपर्यंत व्हॉट्सअॅपवर उत्तर हवं असतं, आणि "प्रभूने मला तुझ्याबद्दल दाखवलं" म्हणणारं कोणीतरी त्यांना मिळतंच. मला याचा फार त्रास होतो. कवी नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी गोऱ्या गृहस्थाने नवा करार दिला. येशूचं डोंगरावरील प्रवचन वाचून ते हलून गेले, तरी त्यांचा बाप्तिस्मा झाला तो फेब्रुवारी १८९५ मध्ये. एवढ्या बुद्धीच्या माणसाने वाचण्यात, झगडण्यात दीड-दोन वर्षं घालवली. आपण तीन आठवडे द्यायला का कुरकुरतो?

खरा विषय खिशात ठेवून दुसरंच विचारणं

एक मुलगा आठ महिने माझ्याकडे आणि माझ्या यजमानांकडे येत होता. दर वेळी प्रश्न बायबलच्या शेवटच्या पुस्तकातला, प्रकटीकरणातला. सहाशे सहासष्ट म्हणजे कोण, हजार वर्षांचं राज्य आधी की नंतर, कर्णे किती. आम्ही पुस्तकं काढून बसायचो. त्याची भूक पाहून आनंद व्हायचा. एका दुपारी माझ्या फोनवर अनोळखी माणूस शिवीगाळ करू लागला. मुलाने मोबाइलवरच्या कर्जाच्या अॅपमधून पैसे घेतले होते, फोनमधले सगळे नंबर त्या लोकांच्या हाती लागले होते आणि त्यात मीही होते. क्रिकेटवर सट्टा लावून पगार जात होता. एक कर्ज फेडायला दुसरं, दुसऱ्यासाठी तिसरं. आठ महिने आमच्या सोफ्यावर बसून तो कर्णे मोजत होता आणि आम्हीही मोजत होतो.

त्याला मी फार बोलले नाही. लाजेने माणूस असाच वागतो. चूक आमचीही होती, कारण आम्ही त्याला एकदाही पगाराचं काय करतोस असं विचारलं नव्हतं. त्याच्या वडिलांना बोलावलं, सगळी कर्जं एका कागदावर मांडली, धमक्यांची तक्रार सायबर पोलिसांकडे केली. प्रकटीकरण वर्षभर बंद ठेवलं आणि याकोबाचं पत्र वाचलं.

तेव्हापासून बायबल उघडण्याआधी माझे तीन प्रश्न असतात. झोप लागते का? पैशाचं कसं चाललंय? घरात कोणाशी बोलणं बंद आहे? काहींना हे आध्यात्मिक वाटत नाही. पण चौथा प्रश्न बहुतेक वेळा लागतच नाही. तुम्ही मार्गदर्शकाकडे जाणार असाल, तर या तिन्हींची उत्तरं घरून तयार करून न्या.

प्रश्न विचारणं म्हणजे अनादर, असं समजणं

पंडिता रमाबाईंचा आणि पंचहौद मिशनमधल्या, इंग्लंडमधल्या वाँटेजहून आलेल्या व्रतस्थ भगिनींचा परिचय पुण्यातलाच. १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला त्यांच्या मठात गेल्या आणि त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या सिस्टर जेराल्डीन रमाबाईंच्या आध्यात्मिक माता. त्या दोघींची पत्रं वाचा. त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा एकच देव), मंडळीचा म्हणजे चर्चचा अधिकार, मतांगीकार (विश्वासाची ठरलेली कबुली), सगळ्यावर रमाबाई वाद घालतात आणि आपल्याला स्वतःची सद्सद्विवेकबुद्धी आहे हे स्पष्ट सांगतात. जेराल्डीन चिडतात, दुखावतात, पण नातं तोडत नाहीत. ती पत्रं जपून ठेवली तीही त्यांनीच. रमाबाई पुढे केडगावला मुक्ती मिशनच्या रूपाने काय उभं करू शकल्या ते सगळ्यांना माहीत आहे. जो मार्गदर्शक "मला प्रश्न म्हणजे देवाने नेमलेल्या अभिषिक्ताला प्रश्न" असं म्हणतो, त्याच्या घरची पायरी पुन्हा चढू नका.

आणि गोळ्या बंद करायला सांगणारा असेल, तर त्याच दिवशी उठून या. डिप्रेशन, फिट्स, साखर, काहीही असो. "विश्वास असेल तर औषध कशाला" हे वाक्य मी पुण्यात फार ठिकाणी ऐकलं आहे आणि त्याचे परिणाम वॉर्डात पाहिले आहेत. पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता.

बाकीच्या चुका थोडक्यात. यूट्यूबवरचा उपदेशक हा तुमचा मार्गदर्शक नाही. त्याला तुमचं नावही माहीत नाही. मुलींनी शक्यतो मंडळीतल्या वयस्क बहिणीकडे जावं, मुलांनी मंडळीतल्या भावाकडे. पौलाने तीताला लिहिलेल्या पत्रात वडीलधाऱ्या स्त्रियांना हे काम नेमून दिलंच आहे. मार्गदर्शकाकडून उसने पैसे घेऊ नका, देऊही नका. दुसऱ्याचं गुपित "प्रार्थनेचा विषय" म्हणून ग्रुपवर टाकू नका, ती चहाडीच असते. दर सहा महिन्यांनी माणूस बदलू नका. आणि मार्गदर्शकांनो, चुकलेल्याला सभेत उभं करू नका. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या जोडप्याने अपुरं ज्ञान असलेल्या उपदेशक अपुल्लोसाला आपल्याकडे नेऊन समजावलं.

विचारायचं कसं, हेही अनेकांना कळत नाही. "माझे मार्गदर्शक व्हा" असं म्हटलं की समोरचा बिचकतो. मंडळीत जिचं घरातलं वागणं तुम्ही पाहिलं आहे अशी एखादी मावशी किंवा काका निवडा, महिन्यातून एक संध्याकाळ मागा आणि सहा महिन्यांचंच बोला. जाताना वही न्या, फोन बंद ठेवा, आणि फ्लॅटवर सांगून निघा की दीड-दोन तास लागतील. पाच मिनिटांत यातलं काहीच होत नाही.