मधुमेहींसाठी हृदयाचा परफ्यूजन स्कॅन : तयारी आणि अहवालाचे वाचन

मधुमेहात मज्जातंतूंना इजा झालेली असल्यास हृदयाला रक्त कमी पडत असूनही छातीत दुखेलच असे नाही. म्हणून नुसती धाप लागत असली तरी ते डॉक्टरांना सांगावे. मात्र कोणतेही लक्षण नसताना सरसकट परफ्यूजन स्कॅन (हृदयाच्या स्नायूला रक्त किती पोहोचते हे चित्रात दाखवणारी तपासणी) केल्याने हृदयविकाराचे झटके लक्षणीय कमी होतात, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ११२३ मधुमेहींच्या अभ्यासात दिसले नाही.

तपासणीआधी किमान १२ तास, आणि केंद्राने सांगितल्यास २४ तास, चहा, कॉफी, कोला व चॉकलेट वर्ज्य करावे, कारण रक्तवाहिन्या रुंदावण्यासाठी दिल्या जाणाऱ्या औषधाचा परिणाम कॅफीनमुळे मारला जातो. कॅफीन काढलेल्या ‘डीकॅफ’ कॉफीतही ते थोडे असतेच. उपाशी राहायचे असल्याने इन्सुलिनची मात्रा मनाने न ठरवता आधी विचारून घ्यावी आणि ग्लुकोमीटर सोबत ठेवावा.

स्कॅनमध्ये हृदयाची चित्रे दोनदा घेतात : एकदा औषधाने ताण दिल्यावर आणि एकदा विश्रांतीत. ताणाच्या चित्रात फिकट दिसणारा भाग विश्रांतीच्या चित्रात भरून आला, तर तेथील स्नायू जिवंत आहे, पण ताण पडताच त्याला रक्त अपुरे पडते. दोन्हींत तो फिकटच राहिला, तर बहुधा तो जुन्या झटक्याचा व्रण असतो. डाव्या जवनिकेच्या (शरीरभर रक्त ढकलणाऱ्या हृदयाच्या कप्प्याच्या) सुमारे १० टक्क्यांहून अधिक स्नायूला असे रक्त कमी पडत असल्यास धोका मोठा मानतात. अहवाल निर्दोष आला तरी मधुमेहींच्या बाबतीत तो दिलासा इतरांइतका दीर्घकाळ टिकत नाही.