यामाहा आरएक्स १०० बाइकचा सायलेन्सर: साफ करा, पोकळ करू नका

गाडीचा पिकअप गेला की लोक आधी कार्बोरेटर खोलतात. मी म्हणतो, थांबा. सायलेन्सरच्या शेपटाचा स्क्रू सोडवा, पकडीने बॅफल, म्हणजे आतली भोकांची नळी, ओढा. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं, त्याची काजळी भोकांत डांबरासारखी बसते. धुराला वाट उरत नाही. डिझेलमध्ये भिजवा, तारेच्या ब्रशने घासा, एकेक भोक मोकळं करा. सायलेन्सर उतरवलात तर सिलिंडरकडचं गॅस्केट (जोडातली चकती) नवंच टाका.

पोरांना मात्र आतलं सगळं कापून आवाज हवा असतो. (शेजाऱ्यांना विचारा!) अहो, सायलेन्सरच्या निमुळत्या भागावरून दाबाची लाट उलटी येते आणि पोर्टातून, म्हणजे सिलिंडरच्या धूर सोडणाऱ्या तोंडातून, निसटू पाहणारं ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण परत सिलिंडरात ढकलते. पोकळ नळीत ती लाटच बिघडते. मग आवाज वाढतो, चढावर गाडी ओढत नाही.