गायिका गेली, गायक आला: दुसरा अल्बम करणाऱ्यांसाठी

पहिला अल्बम झाला आणि आमच्या बँडच्या गायिकेला बंगळूरला नोकरी लागली. भांडण वगैरे काय नाही, पण दुसऱ्या अल्बमची निम्मी गाणी तिच्या गळ्यावर बसवलेली. तिच्या जागी आला तो भजनी मंडळातला पोरगा, आवाज नाद खुळा, फक्त तिची पट्टी (पेटीवरचा 'सा') काळी पाच आणि ह्याची काळी एक. आम्ही शहाण्यांनी काय केलं, तर तयार ट्रॅक कॉम्प्युटरवरच तीन सेमीटोन (पेटीवर काळी-पांढरी धरून तीन घरं) वर सरकवले. सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) कसाबसा खपला, पण गिटार जत्रेतल्या खेळण्यासारखी वाजायला लागली, मग कॅपो (गिटारच्या तारा दाबून धरणारा चिमटा) पहिल्या फ्रेटवरनं चौथ्यावर नेऊन सगळं परत वाजवलं, दोन महिने गेले. माणूस बदलला की आधी पट्टी ठरवा, क्लिकवर (नुसत्या लयीच्या टिकटिकीवर) कच्चं गाऊन घ्या, मग बाकीचं.

रेकॉर्डिंग कोल्हापूरच्या उद्यमनगरात, मित्राच्या वडिलांच्या कारखान्यावरच्या खोलीत. दिवसा खाली लेथ चालू, म्हणून गाणं रात्री दहानंतर. भिंतींना घरातल्या सहा वाकळा टांगल्या, घुमणं झकास कमी झालं आणि आम्ही खूश. जुलैत पत्र्यावर पाऊस सुरू झाला तेव्हा कळलं की वाकळ खोलीतला घुमारा खाते, बाहेरचा आवाज अडवत नाही. कोल्हापुरात पत्र्याखाली गाणार असाल तर मे महिन्यातच उरकून घ्या भावांनो.

आता कंटाळवाणं पण महत्त्वाचं. तीन गाण्यांचे शब्द तिचे होते. बँड सोडला म्हणून शब्दांवरचा हक्क सुटत नाही, आणि 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हक्क द्यायचा तर लेखीच द्यावा लागतो, तोंडी 'वापर की' चालत नाही. कागदावर मुदत लिहिली नाही तर 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, आणि ऑनलाइन गाणं तर जगभर जातं, म्हणून दोन्ही लिहा. आम्ही राजारामपुरीत चहा पीत पानभर लिहिलं, ती दिवाळीला आली तेव्हा सही घेतली. मैत्रीत कागद कशाला म्हणून ड्रमर फुगून बसला होता, बसूदे.

सही करताना तिनं मिक्स (सगळे आवाज जुळवलेलं गाणं) ऐकलं. म्हणाली, दुसऱ्या कडव्यात 'ओल' आहे, ह्यानं 'ओढ' म्हटलंय. आम्ही चौघांनी शंभरदा ऐकलं असेल ते. त्याच रात्री परत वर गेलो, वाकळा लावल्या, एका शब्दासाठी.